मिलानचं दुओमो आई-बाबांना घेऊन एका दिवसात नीट कसं बघायचं

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जाताय, मिलानमध्ये फक्त एक पूर्ण दिवस आहे, हॉटेल चेंत्राले स्टेशनजवळ आहे, आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाची आवड आहे, आणि एजंट म्हणतोय की दुओमो, म्हणजे मिलानचं मुख्य कॅथेड्रल, बाहेरूनच बघा, अर्ध्या तासात फोटो काढून होतात, आत काही विशेष नाही, उरलेल्या वेळात शॉपिंग करा. तर आत जावं का, कुठलं तिकीट काढावं, आणि छतावर जाणं आईला झेपेल का.

मी बरीच वर्षं मिलानमध्ये राहते, आपल्याकडून येणाऱ्या लोकांना शहर दाखवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ लागेल पण तुमचा दिवस सत्कारणी लागेल.

पहिली गोष्ट, एजंटचं हे म्हणणं अजिबात ऐकू नका. बाहेरून फोटो काढून निघालात तर तुम्ही दुओमोचा दर्शनी भाग बघितलात, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात नवा आहे. काम सुरू झालं १३८६ मध्ये आणि समोरची बाजू नेपोलियनने घाई केली म्हणून १८१३ च्या सुमारास पूर्ण झाली, शेवटचा ब्रॉन्झचा दरवाजा तर १९६५ मध्ये बसला. म्हणजे जुनं, ज्याच्यासाठी जायचं, ते सगळं मागच्या बाजूला, आत आणि वर आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की वेळ अगदीच कमी असेल तर बाकी मिलान सोडा पण दुओमोच्या छतावर जा, कारण युरोपात मोठी चर्चेस खूप आहेत पण इतक्या आरामात ज्यांच्या छपरावर फिरता येतं अशी फार नाहीत.

आता दिवसाचं नियोजन. लोक तिकिटाच्या रांगेवरून नियोजन करतात, मी उजेडावरून करते. दुओमोचं तोंड पश्चिमेला आहे आणि मागचा गाभाऱ्यासारखा भाग पूर्वेला, म्हणजे सकाळी मागच्या प्रचंड मोठ्या रंगीत काचांमधून ऊन आत येतं आणि दुपारनंतर समोरची बाजू उजळते. सकाळी दहाला चौकात उभं राहून फोटो काढले तर समोरचा सगळा भाग सावलीत असतो आणि मागून सूर्य डोळ्यात येतो, मग लोक म्हणतात फोटोत दिसलं होतं तसं काही वाटलं नाही. म्हणून सकाळी आत, संध्याकाळी छत आणि चौक, हा साधा हिशोब ठेवा.

साधारण ९ ला उघडतं, तर तुम्ही पावणेनऊला रांगेत असायला हवं. चेंत्रालेपासून पिवळी मेट्रो म्हणजे एम-३ घ्या, चौथं स्टेशन दुओमो, वेगळं तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एकाच कार्डावर तिघं जायला बघू नका, आणि जे कार्ड आत जाताना टेकवलं तेच बाहेर पडतानाही टेकवायचं. गर्दीच्या मेट्रोत पर्स पुढे घ्या, पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून फोटोकॉपी जवळ ठेवली तर डोक्याला ताप नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर ती घेऊन मध्यवस्तीत येऊच नका, तिथे कॅमेरे आहेत आणि परवान्याशिवाय शिरलात तर दंड भारतात घरी येतो.

तिकीट ऑनलाईन आधीच काढा आणि फक्त ऑफिशियल साईटवरून, म्हणजे दुओमोमिलानो डॉट आयटी. गुगलवर टाकलं की वर जाहिरातीत दहा साईट येतात ज्या तेच तिकीट जास्त पैशात विकतात. दर वरचेवर बदलतात म्हणून आकडा सांगत नाही, पण प्रकार समजून घ्या: नुसतं चर्च आणि म्युझियम, चर्च अधिक छत जिन्याने, आणि चर्च अधिक छत लिफ्टने. तुम्ही तिघांचंही लिफ्टचंच काढा. बाबा म्हणतील मी चढतो की, पण अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, जिना अरुंद आणि गोल आहे, मधे बसायला जागा नाही, आणि एकदा चढायला लागलं की मागून लोक येत असतात त्यामुळे थांबताही येत नाही. शिवाय एक वर जिन्याने आणि दोघं लिफ्टने असं केलं की वर एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो. छतासाठी वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, चर्च आणि म्युझियम वेगळ्या वेळी बघता येतं, तरी बुक करताना त्या दिवशीच्या अटी एकदा वाचून घ्या. चर्चचं दार वेगळं, जिन्याचं वेगळं, लिफ्टचं वेगळं, त्यामुळे भलत्याच रांगेत उभं राहण्याआधी तिकीट स्टाफला दाखवून विचारा. दिव्यांग व्यक्तींसाठी सवलत असते, तीही साईटवर बघा. म्युझियम बुधवारी बंद असतं, तेव्हा तुमचा दिवस बुधवार येत असेल तर शक्यतो बदला.

कपड्यांचं बरेच जण हलक्यात घेतात आणि दारातून परत जातात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांचेही. साडी, पंजाबी ड्रेस काहीच प्रॉब्लेम नाही, पण मे मधे उकडतं म्हणून बाबा थ्री-फोर्थ घालणार असतील तर ती गुडघ्याखाली येते ना बघा, आणि स्लीव्हलेस असेल तर एखादी ओढणी बरोबर असू द्या. पुरुषांनी आत टोपी काढायची. चपला-बूट काढायचे नाहीत, हा प्रश्न मला दर ग्रुपमध्ये कोणी ना कोणी हळूच विचारतंच. दारात पोलीस किंवा मिलिटरीचे जवान बॅगा तपासतात, त्यामुळे आईच्या पर्समध्ये फळं कापायचा चाकू असेल तर तो हॉटेलवर ठेवा, काचेच्या बाटल्याही नकोत, आणि मोठी सॅक किंवा ट्रॉली बॅग घेऊन तर येऊच नका कारण इथे सामान ठेवायची सोय नाही. त्या दिवशी चेक-आउट असेल तर सामान हॉटेलवर किंवा चेंत्राले स्टेशनच्या लगेज काउंटरवर ठेवून या.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काही करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. खांब बघा, एकूण ५२ आहेत, एकेक इतका जाड की चार माणसांनी हात धरून वेढा घालायचा म्हटलं तरी मुश्किल, आणि वर खांबाच्या डोक्याशी जिथे एरवी पानाफुलांची नक्षी असते तिथे कोनाडे करून त्यात पुतळे उभे केलेत. मान दुखते पण बघण्यासारखं आहे. बसायला बाक आहेत, आईला तिथे बसवा, मधल्या भागात बसून समोर पूर्वेच्या काचा निवांत दिसतात. त्या काचांमध्ये बायबलमधल्या गोष्टी चौकोनाचौकोनात रंगवल्यात, पण सगळ्या ओळखायचा अट्टहास करू नका, सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास त्यातून जो लाल-निळा उजेड दगडावर पडतो तो बघा, दुपारी आलात तर तीच काच जवळजवळ विझलेली दिसते.

तिथेच वर बघितलं की उंच एक छोटा लाल दिवा दिसेल. येशूला क्रुसावर ठोकताना वापरलेल्या खिळ्यांपैकी एक तिथे ठेवलाय अशी श्रद्धा आहे, आणि तो वर्षातून एकदा सप्टेंबरच्या मध्याला, १४ तारखेच्या आसपास, खाली आणतात. आर्चबिशप स्वतः ढगासारख्या सजवलेल्या पाळण्यात बसून वर जातात आणि तो घेऊन उतरतात, त्या पाळण्याला निव्होला म्हणतात. कोणी सप्टेंबरमध्ये येणार असेल तर मुद्दाम तारीख बघून या.

आता उजव्या हाताच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडच्या आडव्या भागात, एक पुतळा आहे तो चुकवू नका. मार्को द'आग्राते नावाच्या शिल्पकाराने १५६२ मध्ये केलेला संत बर्थलमय, मराठी बायबलमध्ये येशूच्या बारा शिष्यांमध्ये हे नाव आहे. त्यांना जिवंतपणी सोलून मारलं अशी परंपरा सांगते, त्यामुळे पुतळ्यातल्या माणसाच्या अंगावर कातडी नाहीच, नुसते स्नायू, शिरा, बरगड्या. लांबून बघितलं तर वाटतं खांद्यावरून उपरणं घेतलंय. जवळ जा आणि मग मागच्या बाजूला जाऊन बघा, ते कापड नाहीये, ती त्याची स्वतःचीच कातडी आहे, पाठीवर चेहऱ्याची सोललेली कातडी लोंबतेय आणि तिला हातापायाचे पंजे सुद्धा आहेत. लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा, घाबरतात. खाली लॅटिनमध्ये शिल्पकाराने कोरून ठेवलंय की मला प्रॅक्सिटेलीसने नाही, मार्को आग्रातेने घडवलंय, म्हणजे थेट प्राचीन ग्रीसच्या एका नामवंत शिल्पकाराशी बरोबरी.

आणि बाबांसाठी ह्यात आपल्या मातीचा धागा आहे. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहून गेलाय की अलेक्झांड्रियाचा पँटेनस नावाचा विद्वान भारतात पोचला तेव्हा तिथल्या लोकांकडे आधीच मत्तयचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, होतं, आणि ते ह्या बर्थलमयने आणून ठेवलं होतं. ह्यातला भारत म्हणजे नेमका कुठला यावर वाद आहे, काहींना वाटतं अरबस्तान, पण काही अभ्यासकांनी तो आपला कोकण किनारा, कल्याण बंदराचा परिसर, असं मांडलंय. मी वसई किंवा कल्याणकडचे लोक असले की हे सांगतेच, पुतळ्याकडे बघायची नजर एकदम बदलते.

आत अजून दोन गोष्टी. दारातून शिरल्याशिरल्या जमिनीत पितळेची एक लांब पट्टी आडवी गेलेली दिसेल, बाजूला राशींची चित्रं. लोक तिच्यावर पाय ठेवून पुढे जातात, बघतही नाहीत. १७८६ मध्ये इथल्या ब्रेरा वेधशाळेच्या खगोलशास्त्रज्ञांनी बसवलेलं हे सूर्याचं घड्याळ आहे. दक्षिणेकडच्या छताला एक बारीक भोक आहे, त्यातून खऱ्या मध्यान्हीला उन्हाचा कवडसा बरोबर पट्टीवर येतो आणि ज्या महिन्यात ज्या राशीजवळ पडायला हवा तिथे पडतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर म्हणून कवडसा भोकाच्या जवळ, हिवाळ्यात सूर्य खाली म्हणून लांब उत्तरेला, इतका लांब की चर्चची रुंदी पुरेना, मग पट्टी डाव्या भिंतीवर चढवली आणि मकर रास भिंतीवर काढली. उत्तरायण, संक्रांत हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे बाबांना हे समजावायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. आता खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते, मिलान त्याच्या टाइम झोनच्या प्रमाण रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून मे मध्ये हे साधारण एक वीसला होतं, हिवाळ्यात बारा ते पावणेएकच्या दरम्यान. तुमच्यासाठी सकाळच्या काचा आणि कवडसा दोन्ही गाठायचं म्हणजे आईला चार तास आत बसवावं लागेल, ते नको, मे मध्ये काचाच निवडा. जानेवारीत कोणी येत असेल तर अकराला शिरून दोन्ही सहज होतं.

दुसरी म्हणजे जमिनीखालचे अवशेष. आतूनच खाली उतरायला जिना आहे. आत्ताचं दुओमो बांधायच्या हजार वर्षं आधी इथे चर्चेस होती, आणि इथल्याच अष्टकोनी कुंडात ३८७ मध्ये तेव्हाचे मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी संत ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला, त्या कुंडाचा पाया बघायला मिळतो. दिसायला नुसते दगड आहेत, इतिहासाची आवड नसेल तर वरून निघून गेलात तरी चालेल, बाबांना मात्र पाठवा, आई तोवर बाकावर बसेल.

तिथे प्रार्थना चालू असते हे विसरू नका. मिसा म्हणजे कॅथलिक लोकांची सामूहिक उपासना चालू असेल तर फोटो थांबवायचे, फिरायचं नाही, बसून ऐकलं तर कोणी हरकत घेत नाही, कुठल्याही धर्माचे असलात तरी. फक्त एक, शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन पाद्रींकडून गोल पांढरी पातळ चकती घेतात, आपले लोक प्रसाद समजून भक्तिभावाने रांगेत उभे राहतात. भाव चांगलाच असतो पण तो संस्कार फक्त कॅथलिक लोकांसाठी असतो, तेव्हा जागेवरच बसा. मेणबत्ती लावायची असेल तर खुशाल लावा, शेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. फक्त प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना तिकीट लागत नाही, त्यांचं दार वेगळं आहे, पण त्या दाराने शिरून मग फिरायला लागू नये, तिथल्या माणसांना ते कळतं आणि वाईट वाटतं.

बाहेर आलात की अकरा-साडेअकरा झाले असतील. कॉफी प्या, पण चौकातल्या टेबलावर बसून पिऊ नका, एका गल्लीत आत जाऊन बारच्या काउंटरवर उभ्याने प्या, निम्म्याहून कमी पैशात होते. आईला बसायचं असेल तर अर्थातच टेबल घ्या, फक्त मेनूवरचा दर आधी बघा. चौकात माणसं येऊन हातात कबुतरांसाठी दाणे ठेवतात किंवा मनगटाला रंगीत दोरा बांधतात, फ्री फ्री म्हणतात आणि मग पैसे मागून मागे लागतात. हात खिशात ठेवा, नो म्हणा आणि चालत रहा, आई-बाबांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा कारण आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी कोणी हात पुढे केला की संकोचाने हात पुढे करतात. टॉयलेट चर्चमध्ये नाही असंच धरून चाला. बाजूच्या रिनाशेन्ते या मोठ्या दुकानात आहेत, आणि त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरून दुओमोचे कळस अगदी हाताशी आल्यासारखे दिसतात, तिकीट न काढता.

जेवायला शाकाहारी असाल तर लुइनीकडे जा, मागच्या सान्ता रादेगोन्दा गल्लीत, १८८८ पासूनचं दुकान आहे, टोमॅटो आणि मोझरेल्ला भरलेलं तळलेलं पांझेरोत्ती गरम गरम मिळतं. रांग मोठी दिसते पण पटापट सरकते. बसायला जागा नाही. पाणी विकत घेऊ नका, शहरभर हिरव्या लोखंडी खांबाचे सार्वजनिक नळ आहेत, पितळी ड्रॅगनच्या तोंडातून सतत पाणी येतं, पिण्याचंच आहे, बाटली भरून घ्या.

दुपारी ऊन कडक असतं तेव्हा म्युझियम, चौकाच्या दक्षिणेला राजवाड्यात आहे, थंड आहे, गर्दी कमी, आणि ज्या मूर्ती वरती ऐंशी फुटांवर असल्यामुळे दिसत नाहीत त्या इथे डोळ्यासमोर उभ्या असतात. लाकडाचं एक भलंमोठं मॉडेल आहे त्याच्यात डोकावून बघा, आणि कळसावरच्या मादोन्निनाचा जुना लोखंडी सांगाडा आहे. मादोन्निना म्हणजे सगळ्यात उंच कळसावरची सोनेरी मेरी, १७७४ मध्ये बसवली, जमिनीपासून १०८.५ मीटरवर. तांब्याच्या पत्र्यावर सोन्याचा मुलामा आहे, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना चमकून दिसू नये म्हणून कापडात गुंडाळून ठेवली होती. मिलानच्या लोकांची श्रद्धा अशी की तिच्यापेक्षा उंच काही असू नये, म्हणून १९६० मध्ये पिरेल्ली टॉवर तिच्यापेक्षा उंच झाला तेव्हा त्याच्या माथ्यावर तिची छोटी प्रतिकृती ठेवली. तो टॉवर तुमच्या हॉटेलजवळच, चेंत्रालेच्या समोर आहे.

बाबांना अजून चालायची ताकद असेल तर दुओमोच्या मागे सात-आठ मिनिटांवर व्हिया लागेत्तो नावाची साधी गल्ली आहे. आता तिथे काहीच नाही, नुसती घरं. पण ह्या जागी तळं होतं. दुओमोचा संगमरवर उत्तरेला माज्योरे सरोवराच्या पलीकडे कान्दोल्याच्या खाणीतून येतो, पांढरा, मधे गुलाबी छटा, आणि शेकडो वर्षं तो होडीतून आला: आधी तोचे नदी, मग सरोवर, मग तिचिनो नदी, मग नविल्यो कालवा आणि शेवटी ह्या तळ्यात, दुओमोच्या दारात. दगडावर ए-यू-एफ अशी खूण असायची, म्हणजे हा माल दुओमोच्या कामाचा आहे, ह्याला जकात लावू नका. शहराच्या मधले कालवे गेल्या शतकात बुजवले. खाण मात्र अजून चालू आहे, आणि १३८७ मध्ये ज्या संस्थेकडे बांधकाम सोपवलं ती वेनेरान्दा फाब्रिका सुद्धा अजून तीच, तोच दगड काढते आणि झिजलेल्या मूर्ती एकेक करून बदलते. म्हणून कुठेतरी परांची बांधलेली दिसणारच, त्याने हिरमुसू नका, असं एकही वर्ष नसतं की परांची नाही.

पैसे कुठून आले हे पण बाबांना सांगा. मार्को कारेल्ली नावाच्या एका व्यापाऱ्याने ३५ हजार डुकाट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, दिले, त्याच्या नावाचा कळस १४०४ चा, सगळ्यात जुना, उत्तरेच्या मागच्या कोपऱ्यावर आहे. आणि त्याच नोंदवह्यांमध्ये कातेरिना नावाच्या एका गरीब म्हातारीची नोंद आहे जिने द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून अंगावरचं झिजलेलं फरचं वस्त्र देऊन टाकलं. मला ती नोंद कारेल्लीच्या डुकाटपेक्षा मोठी वाटते.

आता छत. मे मधे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि छत त्याच्या बरंच आधी बंद होतं, शेवटची एन्ट्री साधारण सहाच्या आसपास, त्यामुळे छतावरून सूर्यास्त वगैरे जे फोटो बघता ते हिवाळ्यातले असतात, डिसेंबरात पावणेपाचलाच मावळतो. तुम्ही साधारण पाच-साडेपाचचा स्लॉट घ्या, ऊन तिरकं असतं, दगड गुलाबीसर दिसायला लागतो, आणि दुपारचा चटका गेलेला असतो. दुपारी दोनला पांढऱ्या संगमरवरावर उभं राहणं म्हणजे खालून वरून दोन्हीकडून भाजून निघणं, ज्येष्ठांना घेऊन तर मुळीच नको. गडगडाट झाला की छत बंद करतात, मे मध्ये संध्याकाळी असं होऊ शकतं, म्हणून आदल्या रात्री हवामान बघा आणि पावसाचं चिन्ह असेल तर सकाळचा पहिला स्लॉट बघा.

आईच्या गुडघ्यांबद्दल स्पष्ट सांगते. लिफ्ट तुम्हाला खालच्या गच्चीच्या पातळीवर सोडते. तिथून दोन्ही बाजूंनी कमानींच्या खालून चालत जायचा रस्ता आहे, आणि तोच सगळ्यात सुंदर आहे, कारण कळस, पानं, फुलं, राक्षसांची तोंडं, संतांचे पुतळे हे सगळं खांद्याच्या उंचीवर येतं, एकूण १३५ कळस आणि तीन हजारांवर पुतळे आहेत. इथून पुढे मुख्य मोठ्या छपरावर जायला अजून पायऱ्या चढाव्या लागतात. आईला ज्या दिवशी बरं असेल त्या दिवशी धीमे धीमे कठड्याला धरून जमेल, नसेल तर खालच्या पातळीवर थांबली तरी तिचं काही बुडत नाही, तुम्ही आणि बाबा आळीपाळीने वर जाऊन या. वरचं छप्पर उतरतं आहे आणि दगड पायांनी गुळगुळीत झालाय, त्यामुळे सपाट रबरी तळ असलेले बूट हवेत, चपला किंवा नवे लेदर सोल नकोत. पाऊस पडून गेल्यावर अजून जपून. एक फायदा असा की पाऊस किंवा वारा येऊन हवा स्वच्छ झाली असेल तर उत्तर-पश्चिमेला आल्प्स दिसतात, बर्फाचा मोठा डोंगर दिसला तर तो मोन्ते रोझा.

वर गेल्यावर सगळे मादोन्निनाचा फोटो काढतात आणि खाली उतरतात. तुम्ही जरा एखाद्या कळसाशी जवळून थांबा आणि दगडाचे रंग बघा. काही तुकडे करडे, काळपट, काही अगदी नवेकोरे पांढरे. नवे ते बदललेले. शेजारी-शेजारी सहाशे वर्षांचं काम आणि गेल्या काही वर्षांचं काम असतं, आणि खालून कोणालाही कधी दिसणार नाही अशा पानाच्या मागच्या शिरा सुद्धा कोरलेल्या असतात.

उतरल्यावर साडेसहा-सात होतात, आता चौकात ऊन समोरून पडलेलं असतं, आता काढा तुमचे फॅमिली फोटो. मुख्य दारावरच्या बाल्कनीत, डाव्या बाजूला, मशाल उंच धरलेली एक बाई दिसेल, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीसारखी, कामिल्लो पाचेत्तीने १८१० मध्ये केलेली, म्हणजे न्यूयॉर्कच्या पुतळ्याच्या कितीतरी आधीची. मधल्या ब्रॉन्झच्या दारावर काही आकृती लोकांचे हात लागून लागून चकचकीत झाल्यात त्याही बघा.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की त्याच दिवशी लिओनार्दोचं लास्ट सपर हे प्रसिद्ध चित्र बघणं जमेल का. जमेल, पण आधी तिकीट मिळालं तर. ते सोमवारी बंद असतं, आत फक्त पंधरा मिनिटं सोडतात आणि तिकिटं महिनोन्महिने आधी संपतात, त्यामुळे आज-उद्याकडे साईट बघा. मिळालंच तर दुपारी दोन-अडीचचा स्लॉट घ्या आणि म्युझियम सोडा. नाही मिळालं तर म्युझियम करा. पण दोन्ही कोंबून आईला दमवून संध्याकाळचं छत रद्द होईल असं काही करू नका, दुपारी हॉटेलवर जाऊन तासभर पाठ टेकली तरी चालेल, मेट्रोने चारच स्टेशनं आहेत. आणि ७ डिसेंबरला इथल्या संत अँब्रोजचा सण असतो, नोव्हेंबरपासून आत खांबांच्या मधे सोळाव्या शतकातले मिलानचे आर्चबिशप संत कार्लो बोरोमेओ यांच्या आयुष्यावरची प्रचंड चित्रं टांगतात, तुमच्या ओळखीत कोणी थंडीत येणार असेल तर त्यांना हे कळवा.